साठीनंतरची ताकद: खुर्चीपासून सुरुवात कशी करावी

साठी ओलांडलेल्या माणसाला व्यायामाबद्दल विचारले, तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: "रोज सकाळी चालायला जातो." चालणे उत्तमच आहे. हृदय, फुप्फुसे, रक्तातील साखर आणि झोप या सगळ्यांना त्याचा फायदा होतो, आणि जे चालतात त्यांनी ते सोडू नये. परंतु रोज चार किलोमीटर चालणाऱ्या माणसालाही एसटीची पहिली उंच पायरी चढताना दांड्याला घट्ट धरून स्वतःला ओढून घ्यावे लागते, असे आपण नेहमी पाहतो. याचे कारण असे की, सपाट रस्त्यावर चालताना मांडीच्या आणि खुब्याच्या स्नायूंना त्यांच्या क्षमतेचा थोडाच भाग वापरावा लागतो. आणि ज्या कामाची स्नायूंना सवय नाही, ते काम ते हळूहळू विसरतात. पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास मोफत असला, तरी त्या पायरीवर पाय टाकण्याची ताकद स्वतःलाच कमवावी लागते.

ही ताकद एका दिवसात जात नाही, म्हणून ती जात असल्याचे लक्षातही येत नाही. आधी जेवणाचा पाट जाऊन टेबल येते. मग देवपूजेला स्टूल येते. मग संडासात कमोड बसतो आणि काही वर्षांनी कमोडशेजारी भिंतीला दांडा लागतो. यांतला प्रत्येक बदल त्या त्या वेळी योग्यच असतो आणि गुडघ्याची झीज झालेल्यांना तो आवश्यकही असतो. मात्र प्रत्येक बदलाबरोबर पायांचे एकेक काम कमी होते, आणि त्याची भरपाई करणारे दुसरे काही आपण सुरू करत नाही. ती भरपाई कशी करावी, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. यापूर्वी कधीही व्यायामशाळेची पायरी न चढलेल्या, साठी ते ऐंशीच्या दरम्यानच्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

शरीरात नेमके काय होते

तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायूंचे सुमारे 3 ते 8 टक्के वस्तुमान कमी होते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर वस्तुमानापेक्षाही अधिक वेगाने घटते. अमेरिकी वैद्यकतज्ज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी 1989 मध्ये या झिजेला 'सार्कोपेनिया' असे नाव सुचवले. ग्रीक भाषेतील 'मांस' आणि 'उणीव' या अर्थांच्या दोन शब्दांपासून ते बनले आहे. या झिजेत वेगाने आकुंचन पावणारे स्नायुतंतू सर्वाधिक कमी होतात. ठेच लागल्यावर क्षणार्धात पाऊल पुढे टाकून तोल सावरण्याचे काम याच तंतूंचे असते. त्यामुळे म्हातारपणी ठेच पूर्वीइतकीच लागत असली, तरी माणूस सावरण्याऐवजी पडतो.

ही झीज बऱ्याच प्रमाणात भरून काढता येते, आणि त्यासाठी वयाची वरची मर्यादा नाही. बॉस्टनमधील डॉक्टर मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शुश्रूषागृहातील 86 ते 96 वर्षे वयाच्या दहा अशक्त व्यक्तींकडून आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरीने 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. "आता या वयात काय होणार?" असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रयोग आवर्जून सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार 65 वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम करावा, शिवाय तीन किंवा अधिक दिवस तोल सुधारणारा व्यायाम करावा; आठवड्यातील 150 ते 300 मिनिटांचे चालणे वगैरे त्याहून वेगळे धरलेले आहे.

सुरू करण्यापूर्वी

चालताना छातीत दुखणे, थोड्याशा श्रमाने धाप लागणे, वारंवार चक्कर येणे, औषध घेऊनही वर राहणारा रक्तदाब, हर्निया, अलीकडेच झालेली शस्त्रक्रिया (मोतीबिंदूचीसुद्धा) यांपैकी काही असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झालेल्यांनी, विशेषतः मणक्याचे हाड पूर्वी दबलेले असल्यास, वजन हातात घेऊन कमरेत पाठ गोल करून वाकणे आणि पिळणे टाळावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये आणि साखरेची गोळी किंवा खडीसाखर हाताशी ठेवावी. एकादशी, संकष्टी असे कडक उपवासाचे दिवस सोडून व्यायाम केला, तर हा प्रश्न सहज सुटतो.

साधने फार लागत नाहीत. भिंतीला टेकवलेली, हलणार नाही अशी लाकडी किंवा लोखंडी खुर्ची हवी. प्लॅस्टिकची खुर्ची वापरू नये, कारण गुळगुळीत फरशीवर तिचे पाय पसरतात. पायांत घट्ट बसणारे बूट असावेत, नाहीतर पाय अनवाणी असावेत. घरातली सैल चप्पल घालू नये. साडी नेसणाऱ्या स्त्रियांनी निऱ्या थोड्या वर खोचून घ्याव्यात, म्हणजे उठताना घोळ पायाखाली येणार नाही.

पहिल्या दिवशी: स्वतःची परीक्षा

आसनाची उंची साधारण 17 इंच असलेल्या खुर्चीवर बसा. दोन्ही हात छातीवर आडवे घ्या. घरातल्या कुणाला तरी घड्याळ लावायला सांगा आणि तीस सेकंदांत जितक्या वेळा पूर्ण उभे राहून परत बसता येईल, तितक्या वेळा उठा. साधारणपणे 65 ते 69 या वयोगटात स्त्रियांना 11 वेळा आणि पुरुषांना 12 वेळा, 75 ते 79 या वयोगटात अनुक्रमे 10 आणि 11 वेळा, तर 80 ते 84 या वयोगटात 9 आणि 10 वेळा उठता यायला हवे. याहून कमी आकडा आला, तर पडण्याचा धोका अधिक आहे असे समजतात. हातांचा आधार घेतल्याशिवाय एकदाही उठता आले नाही, तर गुण शून्य लिहावा. त्याने खचून जाण्याचे कारण नाही, कारण ज्यांची सुरुवात खालून होते, त्यांची प्रगती पहिल्या दोन महिन्यांत सर्वाधिक दिसते. आलेला आकडा तारखेसह लिहून ठेवावा.

मुख्य व्यायाम: खुर्चीची बैठक

एकच व्यायाम करण्याइतका वेळ असेल, तर हाच करावा. कोल्हापूरच्या तालमीतला पैलवान ज्या बैठका मारतो, त्यांचेच हे सौम्य रूप आहे. खुर्चीच्या पुढच्या कडेवर या. पावले खांद्यांच्या रुंदीइतकी दूर ठेवा आणि टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या. पाठ सरळ ठेवून कमरेतून पुढे झुका, नाक पायांच्या बोटांच्या वर येईपर्यंत. बहुतेकांचे चुकते ते इथेच. पुढे न झुकता सरळ वर उठायचा प्रयत्न केला, तर तोल मागे जातो आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. मग श्वास सोडत, पूर्ण तळव्याने जमीन दाबत उभे राहा. गुडघे एकमेकांकडे झुकू देऊ नका. बसताना तीन अंक मोजत हळू बसा, अंग टाकून देऊ नका. वजन सावकाश खाली आणताना स्नायूंना पुष्कळ काम पडते आणि रोजच्या जीवनात जिना उतरताना हेच कौशल्य लागते. कोणत्याही टप्प्यावर श्वास रोखून धरू नये, कारण श्वास रोखून जोर लावल्यास रक्तदाब एकदम वाढतो.

उठता येत नसेल, तर आसनावर घडी घातलेली सतरंजी किंवा घट्ट उशी ठेवून उंची वाढवावी, अथवा दोन्ही हातांनी मांडीवर दाब देऊन उठावे. पुढे एकाच हाताचा दाब द्यावा, मग दोन बोटांचा. माझी आई एकाहत्तराव्या वर्षी दीर्घ तापातून उठली, तेव्हा तिची सुरुवात पलंगाच्या कडेवर दोन उशा ठेवून झाली होती आणि पहिल्या आठवड्यात तिला सलग तीनदाच उठता येत होते. दर पंधरा दिवसांनी आम्ही थोडी उंची कमी करत गेलो. चौथ्या महिन्यात ती खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठू लागली.

पहिल्या दोन आठवड्यांत आठ वेळांचे दोन सेट करावेत आणि दोन सेटच्या मध्ये दीड-दोन मिनिटे बसून घ्यावे. ते सोपे झाले की दहा, मग बारा वेळा, मग तीन सेट अशी वाढ करावी. तीन सेटमध्ये प्रत्येकी बारा वेळा आरामात जमू लागल्यावर संख्या वाढवत बसू नये, वजन वाढवावे. दोन किलो पिठाची पिशवी छातीशी धरून पुन्हा आठ वेळांपासून सुरुवात करावी, पुढे तीन किलो, चार किलो. या शास्त्राचे मर्म इथे आहे. शरीर सवयीच्या ओझ्याला सरावते आणि सरावल्यावर वाढायचे थांबते. म्हणून ओझे अगदी थोडे, परंतु सतत वाढत राहिले पाहिजे. अनेक ज्येष्ठ मंडळी वर्षानुवर्षे तेच अर्धा किलोचे डंबेल पंचवीस-पंचवीस वेळा वर-खाली करतात, आणि त्यांच्या चिकाटीबद्दल आदर बाळगूनही सांगावे लागते की त्यातून ताकद फारशी वाढत नाही.

ओझे किती असावे, याची खूण सोपी आहे. सेटचा शेवट होताना "आणखी दोन किंवा तीन वेळा जमले असते, त्याहून जास्त नाही" असे वाटले पाहिजे. आणखी दहा वेळा जमले असते असे वाटले, तर ओझे हलके आहे. शेवटच्या वेळी शरीर वेडेवाकडे होऊ लागले, तर ते जड आहे.

बाकीचे चार व्यायाम

भिंतीवरचे जोर छाती, खांदे आणि दंडांसाठी आहेत. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून तळवे छातीच्या उंचीवर भिंतीला टेकवावेत, अंग फळीसारखे ताठ ठेवून कोपरे वाकवावीत आणि भिंतीला ढकलून परत यावे. भिंत सोपी झाली की स्वयंपाकघरातील ओट्याच्या कडेवर हात ठेवून हेच जोर करावेत; जितके खाली जाल, तितका भार वाढतो.

ओढण्याचा व्यायाम पाठीसाठी आहे, आणि वाकलेल्या खांद्यांना त्याची फार गरज असते. एक हात टेबलावर टेकवून, पाठ सरळ ठेवून थोडे पुढे झुकावे आणि दुसऱ्या हातातील पिशवी कोपर मागे नेत बरगडीपर्यंत उचलावी. पिशवीत पाण्याच्या बंद बाटल्या ठेवल्या, तर वजन बिनचूक कळते, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. रबरी पट्टा, म्हणजे रेझिस्टन्स बँड, खिडकीच्या गजाला अडकवून बसल्या जागीही हा व्यायाम करता येतो.

ओट्याला धरून चवड्यांवर उंच होणे आणि तीन अंक मोजत टाचा खाली आणणे हा पोटऱ्यांचा व्यायाम आहे. दोन पाय सोपे वाटू लागले की एका पायावर करावा.

चौथा म्हणजे दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन घरातल्या घरात तीस पावले चालणे. पिशव्या जमिनीवरून उचलताना नितंब मागे ढकलून, पाठ सरळ ठेवून, गुडघे थोडे वाकवून खाली जावे. भाजी आणणे, पाण्याची बादली हलवणे, नातवंडाला उचलणे ही सगळी कामे या एका हालचालीत सामावलेली आहेत, आणि कमरेत उसण भरते ती बहुधा हीच हालचाल चुकीची केल्याने.

पाच मिनिटे जागच्या जागी पावले टाकून आणि खांदे फिरवून अंग गरम करावे, मग हे पाच व्यायाम करावेत. सगळे मिळून अर्धा तास लागतो. सोमवार-गुरुवार किंवा मंगळवार-शुक्रवार असे दोन वार पुरेत. मधले दिवस चालायला आणि स्नायूंच्या दुरुस्तीला राहू द्यावेत, कारण स्नायू व्यायामानंतरच्या विश्रांतीत घडत असतात. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत ताकद वाढते, परंतु आरशात काहीच फरक दिसत नाही. त्या काळात मुख्यतः मज्जासंस्था आहेत तेच स्नायू अधिक चांगल्या रीतीने वापरायला शिकत असते. आकारातील फरक त्यानंतर हळूहळू येतो.

तोल, आणि जमिनीवरून उठणे

तोलासाठी वेगळा वेळ काढायची गरज नाही. चहाला आधण येईपर्यंत ओट्याजवळ एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून उभे राहावे. हात ओट्यावर ठेवावा, मग दोन बोटे, मग नुसता जवळ. ते तीस सेकंद जमू लागले की एका पायावर उभे राहावे.

जमिनीवरून उठण्याकडे मात्र अधिक लक्ष द्यावे. घरात पडलेली व्यक्ती हाड मोडलेले नसतानाही केवळ उठता न आल्यामुळे तासन् तास फरशीवर पडून राहते, असे अनेकदा घडते. म्हणून उठण्याची रीत पडण्याआधीच अंगवळणी पडलेली असावी. पहिल्या वेळी घरातील धडधाकट माणूस शेजारी उभा असू द्या आणि खाली जाड सतरंजी अंथरा. पाठीवर झोपलेल्या स्थितीतून आधी कुशीवर वळा. हाताचा रेटा देऊन कोपरावर, मग दोन्ही हात आणि गुडघ्यांवर या. रांगत खुर्चीपर्यंत जा आणि दोन्ही हात तिच्या आसनावर ठेवा. जो पाय अधिक सशक्त आहे, तो पुढे घेऊन पाऊल जमिनीवर टेका. हात आणि तो पाय एकाच वेळी दाबून उठा आणि वळून खुर्चीवर बसा. महिन्यातून दोन-तीन वेळा हा सराव करावा. गुडघ्याचे सांधे बदललेल्यांनी गुडघ्यावर भार देण्यापूर्वी आपल्या शल्यविशारदांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारावे.

दुखणे कोणते चालेल

नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या किंवा दंड दोन्ही बाजूंनी ठणकतात, ते स्वाभाविक असते आणि दोन-तीन दिवसांत जाते. सांध्यात एका जागी कळ येणे, सूज येणे, पायात मुंग्या उतरणे हे स्वाभाविक नाही. तो व्यायाम थांबवून सल्ला घ्यावा. छातीत दाब वाटला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच क्षणी थांबून मदत मागावी. गुडघ्याची झीज असलेल्यांना "गुडघे वापरू नका" असा सल्ला शेजारीपाजारी हमखास मिळतो, आणि तो हानिकारक आहे. मांडीचे स्नायू सशक्त करणे हा त्या दुखण्यावरच्या उपचारांचा पायाच आहे. व्यायामाच्या वेळी थोडे दुखून दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्ववत होत असेल, तर चालू ठेवावे. दुखणे वाढत राहिले, तर खुर्चीची उंची वाढवावी.

ताटात काय हवे

स्नायू घडण्यासाठी प्रथिने लागतात आणि आपल्याकडील ज्येष्ठांच्या आहारात नेमकी तीच कमी पडतात. सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी पोळी-भाजी, रात्री मऊ खिचडी किंवा दूध-भात असा दिवस असेल, तर प्रथिने जेमतेम चाळीस ग्रॅमच्या आसपास राहतात. वार्धक्यातील पोषणाचे तज्ज्ञ दर किलो वजनामागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने सुचवतात. साठ किलो वजनाच्या व्यक्तीला म्हणजे 60 ते 72 ग्रॅम. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, पेलाभर म्हणजे 200 मिलिलिटर दुधात 6 ते 7 ग्रॅम, 30 ग्रॅम कोरड्या डाळीत किंवा मटकी-हुलग्यात 7 ग्रॅम, मूठभर म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाण्यांत साडेसात ग्रॅम आणि 50 ग्रॅम पनीरमध्ये 9 ग्रॅम प्रथिने असतात. वरण पातळ न करता घट्ट करणे, सकाळी बिस्किटांऐवजी मोडाच्या कडधान्याची उसळ, मुगाचे धिरडे किंवा अंडे खाणे, दुपारी वाटीभर दही आणि मांसाहारी घरात मासळी, एवढ्याने बराच फरक पडतो. दात नसलेल्यांना पिठले आणि शिजवून घोटलेल्या डाळी सोयीच्या पडतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वाढवू नयेत.

आजारपण आणि खंड

2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील स्नायूंचे वस्तुमान जवळजवळ एक किलोने घटले. म्हणूनच डेंग्यू, चिकुनगुन्या किंवा शस्त्रक्रियेनंतर "आराम करा" या सल्ल्याचा अर्थ डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावा, आणि परवानगी मिळताच पलंगाच्या कडेवरून दोनदा-तीनदा उठण्यापासून सुरुवात करावी. खंडानंतर पूर्वीच्या निम्म्या वजनावर आणि निम्म्या संख्येवर परत यावे; गमावलेली ताकद पहिल्या वेळेपेक्षा सहसा लवकर परत येते.

तीन-चार महिन्यांनी घरातील ओझी हलकी वाटू लागली, तर व्यायामशाळेत जायला संकोच करू नये. तेथील लेग प्रेस, म्हणजे बसून पायांनी वजन ढकलण्याचे यंत्र, आणि बसून ओढण्याची यंत्रे तोल सांभाळण्याची चिंता न करता अधिक भार देतात. प्रशिक्षकाला आपली औषधे आणि दुखणी आधी सांगावीत, आणि तो ती शांतपणे ऐकून न घेता पहिल्याच दिवशी जड वजन हातात देत असेल, तर दुसरा प्रशिक्षक शोधावा.

नोंद ठेवण्यासाठी भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. दुधाचा हिशेब लिहितो त्याच चौकोनात व्यायामाच्या दिवशी बैठकांची संख्या आणि हातातले वजन लिहावे, आणि आजपासून तीन महिन्यांनी येणाऱ्या तारखेभोवती आत्ताच गोल काढून ठेवावा. त्या दिवशी त्याच खुर्चीवर, तेच घड्याळ लावून, तीस सेकंदांची परीक्षा पुन्हा द्यायची आहे.